लाकडावरचा धातू

जुन्या लाकडी सामानावर रंगाच्या साहाय्याने पितळ, तांबे, कासे, बीड किंवा गंजलेले लोखंड यांचा भास निर्माण करण्याच्या कामाला मुंबईच्या उपनगरांतील रंगारी आणि पॉलिशवाले सरसकट ‘मेटल फिनिश’ किंवा ‘अँटिक फिनिश’ म्हणतात, आणि या नावाखाली जे विकले जाते त्यातील बरेचसे म्हणजे सोनेरी रंगाचा एक हात आणि त्यावर चकचकीत वार्निश एवढेच असते. असे सामान दुकानातील पिवळ्या दिव्याखाली खपून जाते. घरी आणून खिडकीजवळ ठेवले की ते धातूचे न दिसता रंगवलेल्या प्लास्टिकचे दिसू लागते. दोष बहुधा रंगाच्या प्रतीचा नसतो. धातू प्रकाशाशी कसा वागतो आणि वापरात व हवेत तो कसा जुना होत जातो, याकडे रंगवणाऱ्याने पाहिलेलेच नसते.

धातूतील मुक्त इलेक्ट्रॉन पृष्ठभागावर पडलेला बहुतेक प्रकाश आत शिरू न देता परत पाठवतात. चांदी आणि ॲल्युमिनियम सर्व रंगांचा प्रकाश जवळपास सारखाच परतवतात, तर सोने, तांबे आणि पितळ हे निळ्या बाजूचा प्रकाश अंशतः शोषून उरलेला परतवतात. त्यामुळे तांब्याच्या कळशीवर दिव्याचा जो ठिपका चमकतो तो दिव्याच्या रंगाचा न राहता तांबूस होतो. वार्निश, सनमायका आणि प्लास्टिक यांच्या पृष्ठभागावरची चकाकी मात्र दिव्याच्याच रंगाची, म्हणजे पांढरी असते, मग खालचा रंग लाल असो की हिरवा. सोनेरी रंगावर चकचकीत वार्निशाचा थर चढला की पाहणाऱ्याच्या डोळ्यांत प्रथम हा पांढरा ठिपका भरतो आणि भास तिथेच फसतो. कामाचा शेवटचा थर मंद चकाकीचा ठेवावा, असे जाणकार कारागीर सांगतात, त्यामागचे कारण हेच आहे. ज्या ग्राहकाला ‘चांगले चमकले पाहिजे’ असे वाटते त्याला ते पटवून देणे मात्र कठीण जाते.

रंगातील धातूपणा येतो तो त्यात मिसळलेल्या अतिसूक्ष्म चपट्या कणांमुळे. सोनेरी रंगात बहुधा तांबे आणि जस्त यांच्या मिश्रधातूची पूड असते. तांब्याचे प्रमाण वाढवले की ती लालसर आणि जस्ताचे वाढवले की फिकट पिवळी होते. चंदेरी रंगात ॲल्युमिनियमची पूड असते. या कणांवर स्टिअरिक आम्लाचा पातळ लेप दिलेला असेल तर रंग ओला असतानाच ते वर तरंगतात आणि छपरावरच्या मंगलोरी कौलांप्रमाणे एकमेकांवर किंचित चढून आडवे पसरतात, त्यामुळे अखंड पत्र्यासारखा पृष्ठभाग तयार होतो; लेप नसलेले कण थरात कुठेही, कसेही बसतात आणि रंग चमचम करतो पण पत्र्यासारखा दिसत नाही. तिसरा प्रकार अभ्रकाच्या कणांवर टायटॅनियम किंवा लोह यांच्या ऑक्साइडचा थर देऊन केलेल्या रंगद्रव्यांचा आहे. त्यांत धातू मुळीच नसतो, म्हणून ते काळे पडत नाहीत. परंतु त्यांची झाक मोत्याच्या अंगाने जाते, आणि जड, ठोस धातू दाखवायचा असेल तिथे ती हलकी वाटते.

लाकडाला धातूचे रूप देण्याची हौस नवी नाही. हर्क्युलेनियम (१७३८) आणि पॉम्पेई (१७४८) या गाडल्या गेलेल्या रोमन नगरांचे उत्खनन सुरू झाल्यानंतर तिथे सापडलेल्या काशाच्या वस्तूंची युरोपभर चर्चा झाली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्स व इंग्लंडमधील सुतार खुर्च्यांचे कोरीव पाय आणि हात हिरवट-काळ्या रंगाने जुन्या काशासारखे रंगवू लागले. अमेरिकेत १८२० च्या दशकात लँबर्ट हिचकॉक याच्या कारखान्यातील खुर्च्यांवर काळ्या रंगाच्या जमिनीवर कासेपूड चोळून फुलापानांची नक्षी उठवली जात असे. ही पूड तेव्हा फार महाग होती, कारण बव्हेरियातील कारागीर मिश्रधातूचा पत्रा हातांनी ठोकून ठोकून कागदाहून पातळ करीत आणि मग तो घोटून पूड बनवीत. पोलाद स्वस्त करणारा म्हणून जगाला ठाऊक असलेला हेन्‍री बेसेमर याने १८४० च्या दशकात ही पूड यंत्राने करण्याची युक्ती काढली, तिचे पेटंट न घेता ती कित्येक वर्षे गुप्त ठेवली, आणि त्या नफ्यातून पुढच्या प्रयोगांचा खर्च भागवला. आधुनिक पोलादाच्या इतिहासाला नकली सोन्याने भांडवल पुरवले, ही गोष्ट पोलादाच्या पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही.

महाराष्ट्रात या कलेचा सर्वांत जुना आणि जिवंत आधार रंगभूमी हा होता. दशावतारातील मुकुट, संगीत नाटकांतील राजदंड आणि लाकडी तलवारी यांवर बेगड, म्हणजे रंगीत चकचकीत पातळ पत्रा, चिकटवला जाई किंवा सोनेरी-चंदेरी रंग फिरवला जाई. प्रेक्षक दूर बसलेला आणि दिवा मंद असल्यामुळे तेवढे पुरत असे. चित्रपटाचा कॅमेरा जवळ आल्यावर ते पुरेनासे झाले. मुंबईत चित्रपटव्यवसायाचा मोठा भाग उपनगरांत वसला: मालाडला १९३४ मध्ये बॉम्बे टॉकीज, गोरेगावला १९४३ मध्ये फिल्मिस्तान, अंधेरीला मोहन स्टुडिओ, जिथे ‘मुघल-ए-आझम’ (१९६०) मधील शीशमहाल उभा राहिला, आणि १९७७ मध्ये गोरेगावच्या टेकड्यांवर राज्य सरकारची चित्रनगरी. या स्टुडिओंमध्ये प्लायवूड, प्लास्टर आणि पुढे फायबर यांतून दरवाजे, तोफा, झुंबरे आणि सिंहासने घडवून त्यांना धातूचे रूप देणाऱ्या रंगाऱ्यांच्या पिढ्या तयार झाल्या. ‘लगान’ आणि ‘देवदास’ यांच्या कलादिग्दर्शनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारे नितीन चंद्रकांत देसाई यांच्यासारख्या मराठी कलादिग्दर्शकांच्या भव्य सेटांमागेही अशाच निनावी हातांचे काम होते. सेटवरच्या कामाची एक मर्यादा मात्र लक्षात ठेवली पाहिजे: ते काही आठवडे टिकले की पुरते, तर घरातील कपाटाला पंचवीस पावसाळे काढायचे असतात. सेटवरची रीत घरात जशीच्या तशी आणल्याने होणारी फजिती उपनगरांतील अनेक हॉटेले आणि कॅफे यांच्या भिंतींवर व टेबलांवर पाहायला मिळते.

जुन्या सामानाचा पुरवठाही याच पट्ट्यात आहे. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली येथील चाळी आणि तीन-चार मजली इमारती पुनर्विकासाला निघाल्या की नव्या उंच इमारतीतील खोल्यांत न मावणारी कपाटे, आरसे, टीपॉय आणि टेबले भंगारवाल्यामार्फत बाहेर पडतात, आणि त्यांतील चांगला माल फिरत फिरत जोगेश्वरी पश्चिमेला स्वामी विवेकानंद मार्ग व रिलीफ रोडच्या परिसरातील ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात पोहोचतो. तिथे अस्सल जुने, जुन्यासारखे केलेले नवे आणि अर्धे जुने अर्धे नवे असे तिन्ही प्रकारचे सामान शेजारी शेजारी मांडलेले असते. खण बाहेर काढून त्याच्या मागच्या कोपऱ्यातील जोड पाहिला, तर हाताने कापलेली किंचित असमान करवती दाती आणि यंत्राने कापलेली एकसारखी दाती यांतील फरक दिसतो, आणि विकणाऱ्याच्या सांगण्यापेक्षा तो अधिक भरवशाचा असतो.

रंगाच्या बाबतीतही हा पट्टा संपन्न आहे. गिरगावातील गायवाडीत १९४२ मध्ये चार मित्रांनी सुरू केलेल्या एशियन पेंट्सचा मोठा कारखाना भांडुपला होता. १९५९ मध्ये बाजारात आलेल्या फेव्हिकोलची पिडिलाइट कंपनी अंधेरीत आहे. आणि दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये स्थापन केलेल्या कॅम्लिनचे कलारंगही अंधेरीशी जोडलेले आहेत. फेव्हिकोलचा उल्लेख इथे केवळ स्थानिक अभिमानापोटी केलेला नाही. त्यापूर्वीचे बहुतेक सामान सरसाने, म्हणजे जनावरांची कातडी व हाडे उकळून केलेल्या डिंकाने जोडलेले असते; सरस दमट हवेत सैल पडतो, आणि त्याचा जुना थर गरम पाण्याने पूर्ण काढल्याशिवाय त्यावर फेव्हिकोल नीट धरत नाही. हलणारा पाय जुन्या सरसावरच नवा डिंक ओतून बसवला, तर तो वर्षभरात पुन्हा हलू लागतो आणि त्यावरचा ‘पितळी’ रंग जोडावर तडकतो.

धातूचे रूप कशाला द्यावे, यापेक्षा कशाला देऊ नये हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. एकोणिसाव्या शतकात मुंबईत घडलेले कोरीव शिसवी सामान युरोपातही गेले आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयातही त्याचे नमुने आहेत. असा तुकडा, किंवा ब्रह्मदेशी सागाचे एकसंध फळ्यांचे कपाट, रंगाखाली गाडणे हा उघड अपव्यय आहे. त्यांना स्पिरिट पॉलिशच शोभते. याउलट हलक्या लाकडाच्या सांगाड्यावर प्लायवूड ठोकलेले कपाट, वरचा सागाचा पातळ पापुद्रा जागोजागी उडालेले ड्रेसिंग टेबल, १९७० च्या दशकातील सनमायका लावलेला टीपॉय, आगीच्या किंवा पाण्याच्या डागांनी काळवंडलेली आरशाची चौकट, वेगवेगळ्या लाकडांच्या तुकड्यांनी दुरुस्त केलेली खुर्ची, हे सगळे या कामाचे योग्य विषय आहेत, कारण त्यांच्यात दाखवण्यासारखा लाकडाचा पोत उरलेला नसतो किंवा मुळात नव्हताच. आकार हा दुसरा निकष. धातूत सहज घडू शकेल असा आकार, म्हणजे सपाट पाटे, सरळ कडा, गोल दांडे आणि ओतीव वाटेल अशी नक्षी, असलेल्या वस्तूवर भास टिकतो. गुबगुबीत गोलाई असलेल्या खुर्चीचे हात कितीही कौशल्याने रंगवले तरी ते लाकडाचेच वाटत राहतात.

या संदर्भात लोखंडी कपाटाचा विचार उपनगरांत टाळता येत नाही. गोदरेजने १९२३ मध्ये पोलादी कपाटे करायला सुरुवात केली आणि घाटकोपर व मुलुंड यांच्या मधल्या विक्रोळीतील तिच्या वसाहतीमुळे या पट्ट्यातील क्वचितच एखाद्या जुन्या घरात तिचे कपाट नसेल. या कपाटांचा खरा धातू राखाडी किंवा हिरवट रंगाखाली आयुष्यभर झाकलेला असतो, आणि आज त्यांचे मालक तो रंग खरवडून उघडा पत्रा दाखवण्याच्या मोहात पडतात. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत हा मोह महागात पडतो: पारदर्शक लॅकरचा थर कितीही जपून दिला तरी ओरखड्यातून आणि कडांवरून ओलावा शिरतो आणि थराखाली गंजाच्या बारीक तांबूस रेषा पसरत जातात. पत्रा गंजरोधक प्रायमरने नीट झाकून त्यावर रंगानेच उघड्या पोलादाचा भास करणे अधिक टिकाऊ ठरते. खऱ्या लोखंडाला लोखंडासारखे दिसण्यासाठी नकली लोखंडाचा आधार घ्यावा लागतो, हे थोडे विनोदी आहे खरे, पण या हवेत तोच शहाणपणाचा मार्ग आहे.

खणांच्या एका बुटक्या जुन्या कपाटाला पुरातन पितळेचे रूप द्यायचे आहे, असे धरून कामाचा क्रम पाहता येईल. कड्या, मुठी आणि बिजागऱ्या काढून बाजूला ठेवल्यावर पहिले काम धुण्याचे असते, कारण स्वयंपाकघराचा धूर, उदबत्तीची काजळी, तेलाचे हात आणि वर्षानुवर्षे चोळलेले फर्निचर पॉलिश यांचा मिळून एक अदृश्य तेलकट थर तयार झालेला असतो. तो राहिला तर रंगाला बारीक डोळ्यांसारखे खड्डे पडतात. धुण्याच्या सोड्याचे पाणी कापडाने फिरवून, मग स्वच्छ पाण्याच्या पिळलेल्या कापडाने पुसून, कपाट सावलीत दोन दिवस वाळू द्यावे लागते. पायाशी बारीक भुसा पडत असेल तर लाकडात कीड जिवंत आहे असे समजून आधी तिचा बंदोबस्त करावा लागतो. रंगाने कीड मरत नाही, ती फक्त दिसेनाशी होते.

यानंतर चपडीचा हात येतो. चपडी म्हणजे लाखेच्या किड्यापासून मिळणाऱ्या लाखेचे शुद्ध केलेले पातळ पापुद्रे. ते स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून विरघळवले की बरणीच्या तळाशी मेणकट गाळ बसतो, आणि वरचे निवळ द्रावणच घ्यायचे असते, कारण मेणावर पुढचा रंग नीट धरत नाही. सागात नैसर्गिक तेल असते आणि अनेक लाकडांतील रंगद्रव्ये ओल्या रंगात झिरपून वर तपकिरी डाग उठवतात. चपडीचा पातळ थर या दोहोंना अडवतो. त्याचा आणखी एक उपयोग पुढे येईल.

धातूला रेषा नसतात, निदान लाकडासारख्या नसतात, म्हणून सागाची उघडी रंध्रे आणि शिरा पूर्ण बुजवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जुने रंगारी चॉक पावडर आणि जवसाचे तेल मळून लुकण करीत. ते हळू वाळते, पण लाकडाबरोबर थोडे हलते आणि म्हणून फाटत नाही. आता बहुधा तयार लुकण किंवा मोटारीच्या पत्र्याचे पोचे भरण्याची लांबी वापरली जाते. ती लवकर वाळते आणि कठीण होते, परंतु जाड थरात दिल्यास फळीच्या हालचालीने निखळते. दोन पातळ हात, प्रत्येक हातानंतर १२० आणि मग २२० नंबरच्या कागदाने घासणे, प्रायमर, आणि शेवटी ३२० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात बुडवून अगदी हलक्या हाताने फिरवणे, एवढे झाल्यावर बोटांच्या टोकांनी पृष्ठभाग तपासावा लागतो. डोळ्याला न दिसणारी लाट बोटाला कळते, आणि धातूचा रंग चढल्यावर तीच लाट खिडकीच्या उजेडात दहा फुटांवरून दिसते. सगळ्या कामाचा निम्म्याहून अधिक वेळ या पायरीत जातो, आणि घाईत उरकली जाते तीही नेमकी हीच पायरी.

धातूच्या रंगाखालची जमीन गडद हवी. युरोपातील सोनेकाम करणारे सोन्याच्या वर्खाखाली लाल चिकणमातीचा लेप देत, कारण सोन्याचा वर्ख साधारण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका पातळ असतो आणि खालचा रंग त्यातून झिरपून सोन्याला ऊब देतो. शिवाय घासलेल्या कडांवर तो लाल रंग उघडा पडला की तेही जुनेपणाचे लक्षण ठरते. त्याच कारणाने पितळेसाठी गेरूसारखी तांबूस-तपकिरी जमीन, तांब्यासाठी दाट तपकिरी आणि लोखंडासाठी किंचित निळसर काळी जमीन धरतात. त्यावर धातूच्या रंगाचे दोन पातळ हात. जाड एका हाताने काम उरकले तर चपटे कण उभे-आडवे अडकून राहतात आणि पृष्ठभाग चिखलासारखा मळकट दिसतो. शेवटचा ब्रश एकाच दिशेने, पाट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता न्यावा, कारण लाटून केलेल्या पत्र्याला दिशा असते. ओतीव धातूला ती नसते, म्हणून बिडाचा भास हवा असेल तर रंग ब्रशने न ओढता स्पंजाने किंवा चुरगळलेल्या कापडाने टिपत जावे लागते, आणि जमिनीच्या रंगात चाळलेली बारीक रेती मिसळली तर ओतकामाचा खरखरीतपणाही येतो.

आतापर्यंत तयार झालेले कपाट नव्या कोऱ्या पितळेचे, म्हणजे खरे तर कोणाच्याही घरात नसलेल्या पितळेचे दिसते. घरातले पितळ कसे असते ते पाहण्यासाठी देवघरातील समईकडे नीट पाहणे पुरेसे आहे. दांड्याचा जो भाग उचलताना मुठीत येतो तो उजळ आणि गुळगुळीत झालेला असतो. तबकडीच्या कडा बोटांनी व चिंचेने घासून फिकट पिवळ्या पडलेल्या असतात. मात्र दांड्यावरच्या वळ्यांच्या खाचांत, जिथे चिंच पोहोचते पण फडके पोहोचत नाही, तेलाची काजळी बसून तपकिरी-काळी रेघ तयार झालेली असते. आणि तबकडीच्या खालच्या बाजूला, जिथे तेल व ओलावा साचून राहतो, तिथे जंगाल, म्हणजे तांब्याच्या क्षारांची हिरवट पूड, धरलेली असते. हाताचा स्पर्श, पाण्याची वाट आणि घासणाऱ्याचा आळस या तिघांनी मिळून केलेला हा नकाशा कपाटावर उतरवायचा असतो.

त्यासाठी तपकिरी आणि काळ्या रंगात थोडा हिरवा मिसळून, हळू वाळणाऱ्या पारदर्शक माध्यमात तो पातळ करून, तो सर्व पृष्ठभागावर फासतात आणि ओला असतानाच कापडाने पुसून काढतात; खाचांत, कोपऱ्यांत आणि मुठींच्या तळाशी जो राहील तो राहू देतात. तो वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशाला धातूचा फिकट रंग लावून, आधी कागदावर झटकून, तो फक्त कडांवरून आणि उंच भागांवरून हलकेच फिरवतात. जंगाल शेवटी येतो: पांढुरका निळा-हिरवा रंग पाण्यासारखा पातळ करून तो खालच्या कडेला, जोडांपाशी आणि मुठींच्या खाली टेकवतात, आणि ओघळ आलाच तर तो खालच्या दिशेनेच येऊ देतात. हिरवे ठिपके कपाटभर सारखे शिंपडणे ही या कामातील सर्वांत सर्रास आढळणारी चूक आहे, कारण पाणी कुठेही सारखे साचत नाही. गंजाच्या बाबतीत चूक वेगळी होते. तिथे एकच नारिंगी रंग वापरला जातो. खऱ्या गंजात आतला जुना थर काळपट तपकिरी, मधला विटकरी आणि नुकताच धरलेला पिवळसर नारिंगी असतो, आणि तो पत्र्याच्या मध्यावर सुरू न होता स्क्रू, रिव्हेट आणि जोड यांपाशी सुरू होतो.

याला पर्याय म्हणून खऱ्या तांब्याची किंवा लोखंडाची पूड असलेला रंग देऊन, त्यावर मिठाचे पाणी व व्हिनेगर शिंपडून खरा जंगाल किंवा खरा गंज धरवण्याची पद्धतही आहे. तिचा परिणाम रंगाने साधता येणार नाही इतका जिवंत असतो. पण मुंबईच्या हवेत ही क्रिया हवी तिथे थांबत नाही, आणि थांबवण्यासाठी दिलेल्या थराखाली ती काही काळ चालूच राहते. म्हणून ही पद्धत शोभेच्या लहान वस्तूंपुरती ठेवलेली बरी.

मुंबईतील पावसाळ्याचा विचार या कामात वेळापत्रकापुरता मर्यादित नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी सुमारे २३०० मिलिमीटर पाऊस नोंदवला जातो आणि जुलै-ऑगस्टमध्ये हवेची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. अशा हवेत दीर्घकाळ ठेवलेल्या लाकडातील ओलावा वजनाच्या सुमारे १६ टक्क्यांपर्यंत चढतो आणि कोरड्या दिवसांत तो १०-११ टक्क्यांवर उतरतो. ४५ सेंटिमीटर रुंदीची सागाची आडव्या चिरीची फळी या फरकाने रुंदीत सुमारे ४ मिलिमीटर हलू शकते. पत्रा असा हलत नाही. त्यामुळे दोन फळ्यांच्या जोडावर रंगाला उभी चीर पडली की धातूचे सोंग उघडे पडते. यावरचा उपाय जोड लपवण्यात नाही. फळ्यांचा जोड जिथे आहे तिथेच दोन पत्र्यांचा जोड रंगवावा, त्याच्या दोन्ही बाजूंना समान अंतरावर डिंकाच्या थेंबांनी रिव्हेट उठवावेत, म्हणजे पुढे चीर पडली तरी ती पत्र्यांच्या फटीत जमा होते.

पावसाळ्यात फवाऱ्याने दिलेला ड्यूको, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर, पांढुरका पडतो, कारण थिनर वेगाने उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतील बाष्प त्यावर धरते. स्पिरिट पॉलिशचेही तेच होते. कारागीर अशा वेळी हळू उडणारा थिनर मिसळून वेळ मारून नेतात. पण दसरा उलटल्यानंतर ते मे महिन्यापर्यंतचा काळच या कामाला खरा मानवतो. तांबे-जस्ताच्या पुडीचा रंग उघडा राहिला तर दमट हवेत एकदोन वर्षांत काळा-हिरवा पडतो, तेव्हा त्यावर मंद चकाकीच्या पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक किंवा पीयू (पॉलियुरेथेन) लॅकरचे दोन हात देणे अपरिहार्य ठरते, आणि हे हात कपाटाच्या तळाशी व मागच्या बाजूलाही द्यावे लागतात, जिथे ते कोणालाच दिसत नाहीत, पण ओलावा आत शिरण्याची वाट तीच असते.

जुना रंग काढताना एका धोक्याकडे दुर्लक्ष होते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा अधिक असू नये, हा नियम भारतात २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून तो लागू झाला. त्याआधी रंगवलेल्या कपाटाच्या पिवळ्या, लाल किंवा हिरव्या थरात शिसे असण्याची शक्यता गृहीतच धरावी लागते. असा थर कोरडा घासून त्याची धूळ उडवणे, विशेषतः लहान मुले असलेल्या घराच्या गॅलरीत, धोक्याचे आहे. तो पाण्याने ओला ठेवून घासावा, चिखल कागदावर गोळा करावा, तोंडावर चांगला मास्क असावा. थिनर आणि ड्यूको यांच्या वाफा सहज पेट घेतात. लाकूड, फोम आणि रंग यांनी खच्चून भरलेल्या ओशिवऱ्याच्या बाजाराला एकाहून अधिक वेळा मोठ्या आगी लागल्या आहेत, आणि जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी बोळा करून टाकली तर ती आपोआप तापून पेटू शकतात, हे तर अनेक कारागिरांनाही ठाऊक नसते. ती पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

सुरुवातीला दिलेल्या चपडीच्या थराचा दुसरा उपयोग इथे येतो. पुढच्या पिढीतील कोणाला हे कपाट पुन्हा लाकडाचे करावेसे वाटले, तर रंग काढणारे रसायन वरचे थर सोडवते आणि खालची चपडी स्पिरिटने धुऊन निघते; रंग लाकडाच्या रंध्रांत मुरलेलाच नसल्यामुळे शिरा स्वच्छ उघड्या होतात. जुन्या वस्तूंचे जतन करणारे शास्त्र अशा परत फिरवता येण्याजोग्या कामालाच मान्यता देते. यासाठी कोणत्या क्रमाने कोणते थर दिले, कोणत्या कंपनीचा कोणता रंग वापरला आणि वर्ष कोणते, एवढी नोंद सर्वांत खालच्या खणाच्या तळाला पेन्सिलीने करून ठेवावी. शाई पुढच्या रंगातून वर झिरपते, पेन्सिल झिरपत नाही.